त्रासाचा रकाना

एक हजार चाळीस ग्रॅम.
काट्यावरचा आकडा दोनदा वाचते,
मग वहीत लिहिते.
नोव्हेंबरात न्यूकासलला चारलाच अंधारून येतं,
आणि या तळघराला तशीही खिडकी नाही.

बादलीवर नाव नसतं, नंबर असतो.
पण फाइलमध्ये बायकोनं भरलेली प्रश्नावली आहे,
आणि तिनं रकाने सोडून समासात, जागा मिळेल तिथं
'रे' असंच लिहिलंय.
रे. मराठीत कुणाला मागून हाक मारावी तसं.
वॉल्सएंडच्या गोदीत चौतीस वर्षं वेल्डर.

लांब पात्याच्या सुरीनं सेंटिमीटरभर जाडीचे काप.
खरवसाच्या वड्या पाडतात तसे.
ही उपमा मी इथं कुणाला सांगत नाही.
मधल्या पोकळ्या रुंदावल्यात,
कानामागचा भाग आंबोशीगत आकसलाय.
देठाच्या पोटात दोन बाजूंना
निळीत बुडवलेल्या काडीच्या टोकाएवढे
दोन ठिपके असायला हवे होते.
रेचे पुसले गेलेत.

फाइल म्हणते : दिवेलागणीला येरझाऱ्या.
झोप नाही. दाराशी झटापट.
ठिपका आणि दार यांच्यामध्ये
मी पेन्सिलीनं एक रेघ ओढते.
आमचं काम एवढंच, रेघ ओढणं.
पेन्सिलीनं, कारण चुकतं.

प्रश्न एक : खोटे समज?
'म्हणायचा, चेहरा मॉरीनचाच आहे,
पण तू मॉरीन नाहीस. ती कधी येणार?
मी म्हणायचे, येईल सहाच्या बसनं.'
उजव्या कपाळामागची झीज. रेघ.

प्रश्न दहा : विनाकारण, वारंवार हालचाल?
बारापैकी बारा.
समासात बारीक अक्षरात :
'रात्री तीनला रेडिएटरवरून अंगठा फिरवायचा,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
विनाकारण नाही. जोड तपासत होता.
एकदा म्हणाला, काम चोख आहे,
पण माझ्या हातचं नाही.'

मी सगळे काप पुन्हा पालथे घालते.
झीज सापडते. अंगठा सापडत नाही.

मिरजेला आमचा दिगूमामा
तारखात्यातून रिटायर झालेला,
चहाच्या बशीवर नखानं वाजवत बसायचा.
एक लांब, दोन आखूड, थांबून पुन्हा एक लांब.
साठी बुद्धी नाठी, मामी म्हणायची.
म्हातारचळ, बाकीचे म्हणायचे,
आणि बशी काढून घ्यायचे.
मग तो गुडघ्यावर वाजवायचा.
त्याचे काप कुणी केले नाहीत,
फाइल तर नव्हतीच.
काय पाठवत होता, कुणाला,
मीही ऐकलं नाही. माझी बारावी होती.

प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी एक छोटा रकाना असतो :
यामुळे तुम्हाला किती त्रास झाला?
शून्य ते पाच.
येरझाऱ्या, शून्य. शिव्या, शून्य.
मला घराबाहेर काढून कडी लावली, शून्य.
आधी वाटलं, बाई खोटं लिहितेय,
किंवा घाईघाईनं भरलंय.

मग मागं येते, प्रश्न सातवर :
कशातच रस उरला नाही असं झालं का?

पाच.
पेन इतकं दाबलंय की
मागच्या पानावर बोटाला लागतं.
'मार्चपासून रेडिएटरकडं गेला नाही.
मीच त्याचा हात धरून नेला.
ठेवला तिथंच राहिला.'

पुढच्या भागातले, आतल्या वळणावरचे काप
मी वेगळे काढते. रेघ तिथं जाते, नक्की जाते,
पेन्सिलची गरज नाही इतकी सरळ.
तरी पेन्सिलच वापरते.

सहा वाजलेत. वरच्या रस्त्यावर बस थांबल्याचा आवाज.
काप क्रमानं डब्यात लावते, नंबर चिकटवते,
आणि झाकण नीट बसलंय का ते
कडेनं अंगठा फिरवून बघते,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.